सूत्रधाराला पाडू नका, सूत्र तोडा!

‘मुख्य माणूस आडवा करा, बाकीची पलटण आपोआप पांगते’ हा मंत्र आपल्याकडे इतक्या श्रद्धेने घोकला जातो की तो एकदा तपासून पाहावा असे कुणाच्या मनातही येत नाही. शाळांच्या सामन्यांत मास्तर मुलांच्या कानात तोच सांगतात, जिल्ह्याच्या सामन्यांत संघाचे कारभारी तोच सांगतात, आणि घरी टीव्हीसमोर चकली मोडीत बसलेले मामा-काका तर तो सेनापतीच्या थाटात सांगतात. मी स्वतः मास्तर आहे, तेव्हा या मंत्राची ताकद मला चांगली माहीत आहे. तो सोपा आहे, आणि सोपे तेवढे खरे मानण्याची आपल्याला खोड आहे. पण रग्बीच्या मैदानावर हा मंत्र खोटा आहे, महाग आहे आणि भेकडही आहे, हे मी येथे ठणकावून सांगणार आहे. ज्यांना राग येईल त्यांनी फराळाचे ताट जवळ ओढावे, शेवटपर्यंत वाचावे आणि मग खुशाल रागवावे.

रग्बीच का, असे कुणी विचारील. गोऱ्यांचा खेळ, चिखलात लोळायचे, आमचा काय संबंध? संबंध आहे. मुंबईच्या जिमखान्यावर ऐन पावसाळ्यात हा खेळ वर्षानुवर्षे चालत आला आहे. २०२५ च्या जूनमध्ये तर सात-सात जणांच्या रग्बीची व्यावसायिक लीग प्रथमच मुंबईत भरली आणि ज्यांनी कधी हा लांबट चेंडू पाहिला नव्हता त्यांच्या घरातही तो पोचला. आणखी एक जुने नाते आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या चषकासाठी झुंजतात त्याचे नाव कलकत्ता कप. कलकत्त्याच्या साहेब लोकांचा रग्बी क्लब मोडला, तेव्हा त्यांनी बँकेतले चांदीचे रुपये काढून ते वितळवले, त्यातून हा चषक घडवला आणि विलायतेला पाठवला. १८७९ पासून त्यासाठी सामने होतात. चषकाला तीन नागांचे कान आहेत आणि झाकणावर हत्ती बसला आहे. आपल्याच टांकसाळीचे ते रुपये! तेव्हा त्या खेळाबद्दल दोन शब्द बोलण्याचा आपल्याला अगदीच अधिकार नाही असे नाही.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडी ओळख करून देतो. पंधरा-पंधरा गडी असतात. चेंडू हातात घेऊन पळता येते, पायाने पुढे मारता येतो. पण हाताने पुढे फेकता येत नाही, बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. ज्याच्या हाती चेंडू त्यालाच धरून पाडायचे, तेही खांद्याखाली धरून. दुसऱ्या कुणाला पाडले तर तो गुन्हा. प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’. त्याचे आज पाच गुण आणि वर एका किकची संधी, तिचे दोन. दंडाच्या किकचे तीन. खेळता खेळता चेंडू जमिनीवर सोडून, उसळताच मारून खांबांमधून घालवला तर तो ‘ड्रॉप गोल’, त्याचेही तीन. आठ धिप्पाड फॉरवर्ड चेंडू मिळवतात आणि सात चपळ बॅक तो खेळवतात. या दोन्ही फळ्यांच्या सांध्यावर नऊ आणि दहा नंबरचे दोन गडी उभे असतात. नऊ नंबर गर्दीतून चेंडू उपसून देतो. दहा नंबर तो घेऊन क्षणार्धात ठरवतो, की पळायचे, पास द्यायचा, की किक मारायची. हेच ते सूत्रधार. नाटकातला सूत्रधार नांदीनंतर विंगेत जातो. हा मात्र ऐंशी मिनिटे रंगमंचावरच असतो, आणि बाकीच्या तेरा जणांच्या दोऱ्या त्याच्या बोटांत असतात.

असा एखादा सूत्रधार समोर आला की आमचे मंत्रवाले तीन उपाय सुचवतात. पहिला, सुरुवातीलाच त्याला एक जबर दणका द्या, म्हणजे तो दबून खेळेल. चेंडू त्याच्या हातातून सुटल्यावर दिला तरी हरकत नाही. दुसरा, एक तगडा गडी सावलीसारखा त्याच्यामागे लावून द्या. तिसरा, तो बचावाला उभा असताना आपले सर्वांत वजनदार गडी चेंडू घेऊन त्याच्याच अंगावर धाडा, म्हणजे तो दमेल.

यातला तिसरा उपाय कायद्यात बसतो आणि त्याला माझा विरोध नाही. समोरच्याला बचावाचे काम करायला लावणे हा खेळाचाच भाग आहे. फक्त तो आपल्या चढाईचा डाव आहे. चेंडू त्याच्या हाती असताना त्याला रोखावे कसे, या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. आणखी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे माझ्या तोंडी नको ते घातले जाणार नाही. सूत्रधाराच्या हाती चेंडू असेल तर त्याला कमरेला मिठी घालून दाणकन खाली आणावे. हळुवारपणे नव्हे, पुरत्या जोराने, आणि प्रत्येक वेळी. रग्बी म्हणजे हळदीकुंकू नव्हे. माझे भांडण आहे ते पहिल्या दोन उपायांशी, आणि त्यांच्यामागे दडलेल्या समजुतीशी, की संघ म्हणजे एकच माणूस आणि तो माणूस संपला की सारे संपले.

हा मंत्र खोटा कसा, ते आधी पाहू.

फ्रान्सचा नऊ नंबर आंत्वान द्युपाँ हा आजच्या काळातला सर्वांत धोकादायक सूत्रधार मानला जातो. २०२१ साली तो जगातला वर्षाचा सर्वोत्तम रग्बीपटू ठरला. ८ मार्च २०२५ रोजी डब्लिनला आयर्लंडविरुद्ध खेळताना, पहिल्याच अर्धात, पडलेल्या चेंडूवरच्या झटापटीत त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. ते कुणी मुद्दाम केले असे मी मुळीच म्हणत नाही. पण मंत्रवाल्यांच्या हिशेबाने काय व्हायला हवे होते? सूत्रधार लंगडत बाहेर गेला, आता फ्रान्सची पलटण पांगायला हवी. झाले उलटेच. त्याच्या जागी दुसरा गडी आला, दोऱ्या त्याने हाती घेतल्या, आणि फ्रान्सने आयर्लंडला त्याच्या घरच्या मैदानावर ४२-२७ असे हरवले. पुढच्या आठवड्यात त्या वर्षीचे सहा राष्ट्रांचे अजिंक्यपदही पटकावले. माणूस गेला, सूत्र राहिले.

दुसरा दाखला त्याहून बोलका आहे. २२ नोव्हेंबर २००३, सिडनी, विश्वचषकाचा अंतिम सामना. इंग्लंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया, जादा वेळ चालू, गुण १७-१७, आणि घड्याळ संपत आलेले. इंग्लंडचा दहा नंबर जॉनी विल्किन्सन ड्रॉप गोलसाठी मागे उभा होता. साऱ्या मैदानाला ते ठाऊक होते, ऑस्ट्रेलियालाही. त्यांचे गडी चेंडू निघताच त्याच्यावर झेप घ्यायला टपून बसले. त्यांच्या डोळ्यांत एकच माणूस होता, आणि नेमके तेच इंग्लंडच्या नऊ नंबरने, मॅट डॉसनने हेरले. चेंडू विल्किन्सनकडे न देता तो स्वतःच गर्दीशेजारच्या फटीतून घुसला आणि कितीतरी पावले पुढे गेला. कर्णधार मार्टिन जॉन्सनने चेंडू आणखी एकदा पुढे रेटला. मग पास गेला विल्किन्सनकडे. किक आता लांबची राहिली नव्हती. त्याने ती आपल्या कमकुवत, उजव्या पायाने मारली आणि विश्वचषक २०-१७ असा इंग्लंडचा झाला. ऑस्ट्रेलियाचे सारे डोळे सूत्रधारावर, आणि घर फोडले शेजाऱ्याने! एकावर नजर लावणाऱ्या फळीत दुसऱ्यासाठी दार उघडे राहते, ते असे.

आता महाग कसा, तो हिशेब.

उशिरा दिलेल्या दणक्याला दंड आहे. समोरच्या चांगल्या किकवाल्याने तो मारला की तीन गुण गेले. डोक्याला धक्का लागला तर पिवळे कार्ड, म्हणजे दहा मिनिटे चौदा जणांनी खेळायचे; फार वाईट असेल तर लाल. २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन एका उंच पकडीपायी पहिल्या अर्धातच लाल कार्ड घेऊन बसला. न्यूझीलंडचे चौदा गडी शर्थीने लढले आणि ११-१२ असे हरले, एका गुणाने. ती पकड कुणा सूत्रधाराला संपवण्यासाठी नव्हती, नुसती चुकलेली होती. चुकलेल्या पकडीची किंमत एवढी, तर ठरवून केलेल्या दणक्याची काय होईल, ते गणिताच्या मास्तरांना विचारायला नको.

त्याच स्पर्धेत २१ सप्टेंबरला मार्सेलीस नामिबियाच्या एका खेळाडूचे डोके द्युपाँच्या चेहऱ्यावर आदळले. गालाचे हाड मोडले. त्या खेळाडूला लाल कार्ड मिळाले. आणि सामन्याचा निकाल? फ्रान्स ९६, नामिबिया शून्य. एक गडी घायाळ, एक गडी बाद, आणि फलकावर काडीचा फरक नाही. साडेतीन आठवड्यांनी द्युपाँ डोक्याला संरक्षक टोपी घालून पुन्हा मैदानात हजर होता.

येथे मंत्रवाले हमखास एक हुकमाचे पान काढतात, क्रिकेटचे. ‘१९३०च्या मालिकेत ब्रॅडमनने ९७४ धावा केल्या. मग जार्डिनने १९३२-३३ मध्ये लारवुडकडून त्याच्या अंगावर चेंडू टाकवले, त्याची सरासरी ५६ वर आणली आणि मालिका ४-१ जिंकली. मग माणसाला लक्ष्य करणे फसते कसे म्हणता?’ पान जोरदार आहे, मान्य. पण डाव येथे संपत नाही. अॅडलेडला कर्णधार वुडफुलच्या छातीवर चेंडू बसला, ओल्डफील्डची कवटी तडकली, दोन देशांच्या सरकारांपर्यंत भांडण गेले. पुढे क्रिकेटच्या नियमांनीच त्या डावपेचाला दार बंद केले. ज्याने तो अंमलात आणला तो लारवुड त्या मालिकेनंतर इंग्लंडसाठी एकही कसोटी खेळला नाही. जार्डिन मुंबईत जन्मलेला. १९३३ च्या डिसेंबरात भारतातली पहिली कसोटी खेळायला तो मुंबईच्या जिमखान्यावरच उतरला. पण आज त्याचे नाव निघाले की लोक त्या मालिकेच्या विजयाबद्दल बोलतात की त्या चेंडूंबद्दल? आणि ब्रॅडमन? तो त्यानंतरही पंधरा वर्षे धावा करीतच राहिला. जो डावपेच खेळाला इतका झेपेनासा होतो की खेळ स्वतःचे नियमच बदलतो, त्याला डावपेच म्हणण्यात अर्थ नाही.

मग करावे काय? नुसते ‘हे करू नका’ म्हणणारा मास्तर कुणालाच आवडत नाही. तेव्हा सूत्र तोडायचे कुठे, तेही सांगतो. सूत्रधाराच्या हाती चेंडू येण्याआधी, त्याच्या हाती असताना, आणि त्याच्या हातून सुटल्यावर, अशा तीन जागी ते तोडता येते. ज्यांनी तोडले त्यांची उदाहरणे डोळ्यांपुढे आहेत.

पहिली जागा सर्वांत मागची, म्हणूनच प्रेक्षकाच्या लक्षात न येणारी. सूत्रधाराला चेंडू कोण देतो? फॉरवर्ड. त्यांना मागे रेटले की चेंडू उशिरा, अडखळत, घाबरत येतो, आणि असा चेंडू हाती आला की बुद्धिमान माणूसही सामान्य होतो. २०१९ च्या विश्वचषकात इंग्लंडने उपान्त्य सामन्यात न्यूझीलंडला १९-७ असे नमवले. जॉर्ज फोर्ड आणि ओवेन फॅरल हे दोन-दोन सूत्रधार एकाच वेळी मैदानात, त्यांना रोखणार कोण असा प्रश्न पडला होता. पुढच्याच आठवड्यात, २ नोव्हेंबरला योकोहामात, दक्षिण आफ्रिकेने रोखून दाखवले. कसे? फोर्डच्या मागे मारेकरी लावून नव्हे. त्यांनी स्क्रम धरला. स्क्रम म्हणजे आठ-आठ जणांची खांद्याला खांदा लावून होणारी रेटारेटी. तेथे इंग्लंडची फळी पुनःपुन्हा ढासळली, दंड होत गेले आणि हांद्रे पोलार्डने आपल्या पायाने बावीस गुण जमवले. निकाल ३२-१२. इंग्लंडचे बाराही गुण दंडाच्या किकचे. ट्राय एकही नाही. त्या दोघांना कुणी जखमी केले नाही. त्यांच्या विहिरीचा झराच बुजवला होता.

दुसरी जागा म्हणजे वेळ. सूत्रधाराचे खरे भांडवल त्याचे पाय नव्हेत, हातही नव्हेत; चेंडू मिळाल्यापासून गडी अंगावर येईपर्यंतचे ते एक-दोन क्षण. ते क्षण चोरा, आणि तो निम्मा झाला. पण चोरायचे एकट्याने नव्हे! येथेच सावलीवाल्यांची चूक होते. एकटा गडी फळी सोडून पुढे धावला की त्याच्या मागे भगदाड पडते, आणि सूत्रधार त्या भगदाडाचीच वाट पाहत असतो. आपल्या हुतूतूत पोराटोरांनाही हे कळते. चढाईवाल्याच्या अंगावर एकटाच झेपावणारा बहुधा स्वतःच बाद होतो. हातात हात धरलेली साखळी वळली की पैलवान चढाईवालाही अडकतो. दक्षिण आफ्रिकेची फळी अशीच सारी एकदम पुढे सरकते. त्यातही बाहेरच्या बाजूचा गडी थोडा आधी पुढे येतो आणि लांबच्या पासची वाट अडवून सूत्रधाराला आत, गर्दीकडे वळायला लावतो. योकोहामाला हे काम लुखान्यो आमने केले. बाहेर पाहावे तर आम उभा, आत पाहावे तर फॉरवर्डची भिंत. सूत्रधाराला न शिवता त्याचे पर्याय संपवले. हा खरा बचाव.

आणि साखळी नीट वळली नाही तर काय होते, तेही कलकत्ता कपानेच दाखवले आहे. २४ फेब्रुवारी २०१८, एडिंबरो. स्कॉटलंडचा दहा नंबर फिन रसेल हा मोठा जुगारी सूत्रधार. इंग्लंडचा एक गडी पास मध्येच पकडण्याच्या आशेने हात उंचावून पुढे धावला. रसेलने चेंडू त्याच्या बोटांवरून भिरकावला; तो थेट ह्यू जोन्सच्या हातात पडला आणि इंग्लंडची सारी फळी मागे राहिली. स्कॉटलंड २५-१३ ने जिंकला. पुढे धावण्यात चूक नव्हती, एकट्याने धावण्यात होती. वीतभर फरक, पण त्या वीतभरातच सूत्रधार जगतो.

तिसरी जागा चेंडू सुटल्यावरची. सूत्रधाराची किक हे त्याचे सर्वांत क्रूर हत्यार, कारण ती मागे उभ्या असलेल्या एकट्या माणसावर पडते. १९७१ साली ब्रिटिश आणि आयरिश ‘लायन्स’चा संघ न्यूझीलंडला गेला, तेव्हा वेल्सचा बॅरी जॉन त्याचा दहा नंबर होता. गॅरेथ एडवर्ड्सचा लांब पास घ्यायचा आणि पकडायला येणारा पोचण्याआधी तेथून नाहीसे व्हायचे, ही त्याची तऱ्हा. त्याला झोडपायचे म्हटले तरी तो हाती लागला पाहिजे ना? डनेडिनच्या पहिल्या कसोटीत त्याने न्यूझीलंडचा शेवटचा रक्षक फर्गी मॅकॉर्मिक याला किका मारून असे नाचवले की कधी डावीकडे, कधी उजवीकडे धावता धावता तो बिचारा अर्धमेला झाला. लायन्स ९-३ ने जिंकले आणि मॅकॉर्मिक पुन्हा कधी देशासाठी कसोटी खेळला नाही. चार कसोटींत लायन्सनी केलेल्या ४८ गुणांपैकी ३० एकट्या जॉनचे. लायन्सनी ती मालिका २-१ अशी जिंकली. एक कसोटी बरोबरीत सुटली.

लोकांनी मॅकॉर्मिकला बोल लावला. माझ्या मते बोल लावायला हवा होता त्याला एकटे ठेवणाऱ्या बचावाला. मैदान एवढे रुंद, आणि मागे माणूस एक! आजचे संघ ते शिकले आहेत. समोर किकवाला सूत्रधार असेल तर दोन्ही कडांचे गडी आणि मागचा रक्षक घड्याळाच्या लंबकासारखे हलतात. चेंडू डावीकडे गेला की उजव्या कडेचा मागे सरतो, उजवीकडे गेला की डाव्या कडेचा. मोकळी जागाच दिसली नाही तर मारणारा मारणार कुठे? दुसरी कसोटी न्यूझीलंडने पाच ट्राय करून २२-१२ अशी जिंकली, तेव्हाही जॉन मैदानात धडधाकट होता आणि त्याने सहा गुणही केले. त्याला घायाळ न करताही त्याच्या संघाला हरवता येते, हे त्याच मालिकेत दिसले होते. पाहायची इच्छा मात्र हवी.

शेवटी, सारे बांध फुटले आणि ट्राय होणारच असे दिसले, तरी बचाव संपत नाही. जो चेंडू खांबांसमोर टेकला असता तो कोपऱ्याकडे रेटायचा. कारण वरच्या दोन गुणांची किक चेंडू जेथे टेकला त्याच्या समोरूनच मारावी लागते. सीमारेषा हा बचाव करणाऱ्यांचा सोळावा गडी. तो न थकतो, न चुकतो. २२ फेब्रुवारी २०२५ च्या कलकत्ता कपात स्कॉटलंडने तीन ट्राय केले आणि इंग्लंडने एकच. तरी जिंकले इंग्लंड, १६-१५. रसेलच्या तिन्ही किका हुकल्या. शेवटची, सामना जिंकून देणारी, कडेवरूनच मारायची होती. हुकली ती त्याची, हे खरे. पण ती कडेवर नेऊन ठेवली शेवटपर्यंत धावणाऱ्यांनी. २०२३ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेच्या चेस्लिन कोल्बेने याच्याही पुढचे पाऊल टाकले. फ्रान्सने ट्राय केलेला, किक मारायला तोमा रामो धावू लागला, आणि तो हलताच कोल्बे गोलरेषेवरून सुसाट निघून किकवर जाऊन आदळला. नियमात पूर्ण बसणारी धाव. दोन गुण वाचले. सामना सुटला २९-२८. ज्या क्षणी इतर चौदा जण मान खाली घालून उभे होते, त्या क्षणी एकाने काम चालू ठेवले.

आता भेकडपणाचा शब्द, तो मी उगाच वापरलेला नाही.

दणका देऊन सूत्रधाराला बाहेर घालवणे म्हणजे ‘मला तुझ्या प्रश्नाचे उत्तर येत नाही, म्हणून मी तुझी पाटीच फोडतो’ असे म्हणणे. उत्तर येण्यासाठी कष्ट लागतात. साखळीत सरकायला रोज शेकडो वेळा सराव लागतो. मागे-पुढे हलणाऱ्या लंबकाला छाती फुटेपर्यंत धावावे लागते. २०२३ च्या त्याच अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या पीटर-स्टेफ दु टॉयने ऐंशी मिनिटांत अठ्ठावीस पकडी केल्या. अठ्ठावीस वेळा पडायचे आणि अठ्ठावीस वेळा उठायचे! हे धाडस. चेंडू गेल्यावर पाठमोऱ्या माणसाच्या अंगावर आदळायला धाडस लागत नाही, वजन पुरते.

आणि त्या वजनाची किंमत कुणाला मोजावी लागते, तेही ऐकून घ्या. सिडनीला २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातला स्टीव्ह टॉम्पसन याने २०२० मध्ये जाहीर केले की त्याला अकाली स्मृतिभ्रंश झाला आहे. तो विश्वचषक आपण जिंकला, ते क्षण त्याला आठवत नाहीत. वय अवघे बेचाळीस. त्याला कुणी ठरवून मारले नव्हते. वर्षानुवर्षे डोक्याला बसलेल्या धक्क्यांचा तो परिणाम. नियम पाळून खेळलेला खेळही एवढे घेतो. मग नियम मोडून, जाणूनबुजून एकाच माणसावर धक्क्यांची बेरीज करा असे शिकवणाऱ्यांना काय म्हणावे? त्यांना डावपेचांचे जाणकार म्हणायला माझी जीभ वळत नाही.

शिवाय एक साधा विचार करा. आपण सामना पाहायला बसतो ते कशासाठी? रसेलचा तो बोटांवरून गेलेला पास पाहायला, जॉनची ती गुंगवणारी किक पाहायला, आणि मग त्या पासला, त्या किकेला समोरच्यांनी काय उत्तर दिले ते पाहायला. सूत्रधारच स्ट्रेचरवरून गेला तर उत्तराला अर्थ राहत नाही. उरलेली मिनिटे नुसती उरकायची. विजय मिळेलही, पण तो कुणावर मिळवला, असे नातवाने विचारले तर काय सांगणार?

मंत्रवाले अजूनही म्हणतील, ‘मास्तर, तुमचे ठीक आहे, पण आमच्याकडे दक्षिण आफ्रिकेसारखे गडी कुठे आहेत? कमजोर संघाने काय करावे?’ यावर माझे उत्तर असे, की हा मार्ग कमजोरांसाठीच अधिक सोयीचा आहे. जबर दणका द्यायला एक तरी राक्षस लागतो. साखळीला राक्षस लागत नाही, पंधरा शहाणे गडी लागतात. एका ओळीत पुढे सरकणे, शेजाऱ्याला हाक देणे, आपल्या वाट्याचा माणूस सोडून दुसऱ्याच्या मागे न धावणे, कोपऱ्याकडे रेटणे, शिट्टी होईपर्यंत न थांबणे: यातल्या एकाही गोष्टीला सहा फूट उंची लागत नाही. शिकवायला मात्र वेळ लागतो. ‘त्याला घे!’ असे ओरडायला तो लागत नाही, आणि या मंत्राच्या लोकप्रियतेचे खरे रहस्य तेथेच आहे. तो खेळाडूंच्या आळसातून आलेला नाही, शिकवणाऱ्यांच्या आळसातून आला आहे.

तेव्हा सुट्टी संपून मैदाने पुन्हा भरतील, समोरच्या संघातले एखादे चलाख पोर आपल्या पोरांना पळता भुई थोडी करील, आणि कडेला उभे असलेले आपण तोंड उघडू, तेव्हा एवढे करावे. त्या पोराकडे बोट दाखवू नये. त्याच्याकडे चेंडू कुठून येतो, त्याच्या हातून तो कुठे जातो, आणि मधल्या क्षणी आपली पंधरा पोरे एका ओळीत आहेत की नाहीत, तिकडे दाखवावे. आणि ते पोर त्यातूनही निसटलेच, तर खुल्या दिलाने टाळी द्यावी आणि उद्या सकाळी सरावाला अर्धा तास लवकर बोलवावे.